अर्धा दिवस शाळा. उरलेला दिवस कुणाचा?



विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईला एक प्रश्न सतत विचारला जातो. लग्नकार्यात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर. 'शाळेत घातलंय का हिला?' या प्रश्नाला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं असतात, असं विचारणाऱ्याला वाटत असतं. आमच्या गटात येणाऱ्या बायकांकडून मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत तिसरंच उत्तर ऐकू येऊ लागलं आहे. 'अर्धा वेळ शाळेत जाते, बाकीचं घरी करून घेते.' या अंकाच्या संपादकीयात मला या तिसऱ्या उत्तराबद्दल लिहायचं आहे. त्यातल्या 'करून घेते' या क्रियापदाचा कर्ता कोण, हे वाक्यात कुठेच येत नाही. पण मराठी व्याकरणाची कृपा अशी की ती बाई आहे, हे क्रियापदाच्या रूपावरूनच कळतं.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते सांगते, कारण पुष्कळजणींना 'शाळा सोडवली' याचंच ते सौम्य नाव वाटतं. आमच्या गटातली एक मैत्रीण सहकारी बँकेत कारकून आहे. तिची मुलगी दहा वर्षांची, स्वमग्न. मोजके शब्द बोलते, चित्रांवरून तिला बरंच समजतं आणि गोंगाट सहन होत नाही. आपल्यासारखा नुसता त्रास होतो असं नव्हे, तर अंगावर कढत पाणी पडावं तशी ती कळवळते. घराजवळच्या पालिकेच्या मराठी शाळेत ती तिसरीत आहे. वर्गात चाळीस मुलं, वर पत्रा, भिंतीपलीकडे रिक्षा थांबा. पहिली दोन वर्षं ती पूर्ण वेळ शाळेत 'जात होती', म्हणजे अकराला जायची आणि दुपारी केव्हातरी बँकेत फोन यायचा की येऊन घेऊन जा. आठवड्यातून तीन-तीनदा. साहेबांची परवानगी, रिक्षाचं भाडं, रडून दमलेली पोर आणि शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या इतर आयांच्या नजरा. कागदावर पूर्ण वेळ असलेली ही शाळा प्रत्यक्षात अर्धीच होती, आणि तीही कुठली अर्धी हे मुलीच्या रडण्यावर ठरायचं.

तिसऱ्या वर्षी तिने वर्गशिक्षिकेबरोबर बसून हे नीट ठरवून घेतलं. प्रार्थनेला यायचं नाही, कारण दिवसातला सगळ्यात मोठा कल्लोळ तोच. साडेअकराला यायचं, मराठी आणि चित्रकला किंवा खेळ असे तास करायचे, मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला दोन मैत्रिणींबरोबर खिचडी खायची आणि दोन वाजता घरी. गणित, वाचन आणि स्वतःची कामं घरी.

'कुठले दोन तास' हा यातला खरा प्रश्न आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही. शाळेला सोयीचे तास म्हणजे सहसा असे, की तेव्हा 'महत्त्वाचं काही चाललेलं नसतं'. मग मुलीला कार्यानुभवाच्या तासाला कोपऱ्यात रंगीत कागद देऊन बसवलं जातं. उलट काही आया हट्टाने भाषा आणि गणिताचेच तास मागतात, कारण शाळा म्हणजे अभ्यास. माझं मत दोन्हींहून वेगळं आहे. जे घरी मिळूच शकत नाही ते शाळेकडून घ्यावं. रांगेत उभं राहणं घरी शिकवता येत नाही. आपला नंबर येईपर्यंत थांबणं, दुसऱ्याने आपली पेन्सिल घेतली तर काय करायचं, बाई सगळ्यांना मिळून बोलतात तेव्हा त्या 'सगळ्यां'त आपणही आहोत हे उमजणं, हे चाळीस मुलांतच शिकता येतं. चाळीस मुलांनाही काही शिकायचं असतंच. या मुलीच्या वर्गातल्या पोरांना आता ठाऊक आहे की तिला मागून हात लावायचा नाही, समोरून यायचं. हे त्यांना कुणी पाठ्यपुस्तकातून शिकवलेलं नाही.

घरच्या भागाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण 'घरी शिकवणं' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेबल, दिवा आणि धडा वाचणारी आई येते. इथे भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्याची एक पट्टी आहे. तिच्यावर दुपारची कामं चित्रांनी ओळीने लावलेली: हात धुणं, वही, नाणी, कणीक, झोका. एक काम झालं की मुलगी ते चित्र काढून डब्यात टाकते. पुढे काय होणार हे तिला दिसतं, म्हणून ती घाबरत नाही. शब्दांनी सांगून जे दहा वेळा होत नाही ते चित्राने होतं. प्रत्येक कामाचे तुकडे केलेले असतात. सलवारीची नाडी बांधणं हे आपल्याला एक काम वाटतं. त्याच्या सात पायऱ्या आहेत आणि सातवी आधी शिकवायची, म्हणजे 'झालं!' हा आनंद तिला पहिल्या दिवशीच मिळतो. वाचन बिस्किटाच्या पुड्यावरून, दुधाच्या पिशवीवरून, बसच्या पाटीवरून.

मंगळवारी दुपारी मी जाते. माझ्याकडे नाण्यांचा तास आहे. चार महिने आम्ही फक्त पाच आणि दहाची नाणी वेगळी करत होतो. आता आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे जातो. कोथिंबिरीची जुडी दहाला. मुलगी नाणं देते, जुडी घेते आणि भाजीवाली मावशी मागच्या गिऱ्हाईकाला 'थांब जरा, पोरीला मोजू दे' म्हणून दटावते. त्या मावशीएवढी चांगली सहशिक्षिका मला अजून भेटलेली नाही.

शाळा आणि घर यांच्यामध्ये एक दोनशे पानी वही फिरते. बाई दोन ओळी लिहितात, आई दोन ओळी लिहिते. 'आज पंखा बंद होता, चिडली, पण डबा पुसून ठेवला.' 'काल रात्री झोप नाही, आज लवकर सोडलं तरी चालेल.' विशेष शिक्षणाच्या भाषेत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात तो हल्ली छापील फॉर्मवर भरून फायलीला लावला जातो. ही वही त्या फॉर्मपेक्षा जास्त काम करते. ज्या मैत्रिणी असं काही सुरू करणार असतील त्यांनी आधी वही आणावी. बाकीचं सामान नंतर.

हे सगळं ऐकून हुरूप येतो. येऊ द्या, ते खरंच आहे. मुलीचं रडणं थांबलं, फोन थांबले, वर्षभरात तिला नवे शब्द आले. पण मी वर एक गोष्ट सांगितली नाही. दोन वाजता मुलीला घ्यायला कोण जातं? बँक साडेपाचला सुटते.

पहिल्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर होतं हक्काची रजा, मग अर्धपगारी, मग बिनपगारी. बढतीची परीक्षा तिने दिली नाही. नवरा चांगला माणूस आहे, दारू नाही, मारहाण नाही. तो रविवारी मुलीला बागेत नेतो आणि त्याला सगळेजण 'किती करतो बाई!' म्हणतात. तो जे करतो ती 'मदत' असते आणि ती जे करते ते 'आईच ती' या दोन शब्दांत संपतं. नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा त्या घरात चर्चा अशी झालीच नाही की दोघांपैकी कुणी सोडायची. पगारातला फरक थोडाच होता, पण तो जणू सगळं ठरवून टाकायला पुरेसा होता. शेवटी आम्ही चौघीजणींनी दुपारा वाटून घेतल्या. सासूबाई शुक्रवार बघतात. नवऱ्याने शनिवारची पाळी घेतली, पण ती त्याला यादी करून द्यावी लागली. तरी मी हे नमुना म्हणून सांगत नाही. आम्ही चौघी म्हणजे काही धोरण नव्हे. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात आणि दुसरी पुढच्या वर्षी मुलीकडे नागपूरला जाणार आहे.

बाईच्या या दुपारींचा हिशेब देशाच्या पातळीवरही झालेला आहे. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं तीत दिसलं. घरातल्यांची देखभाल करण्यात बायकांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. हे सरसकट घरांचे आकडे आहेत. ज्या घरात एक मूल भरवण्यापासून शिकवण्यापर्यंत सगळ्यासाठी दुसऱ्या माणसावर अवलंबून आहे, तिथे शाळेने सोडून दिलेले तीन-चार तास कुणाच्या खात्यावर जातात हे सांगायला निराळ्या पाहणीची गरज नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अशी भर पडली की बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचाही हक्क आहे. या वाक्यातला 'निवडण्याचा' हा शब्द आणि 'ही' हे अव्यय अधोरेखित करून ठेवा. शाळेत जाण्याचा हक्क आहेच, शिवाय हाही आहे. आणि तो मुलाचा आहे, मुख्याध्यापकांचा नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाचं नाव शाळेतून काढून टाकता येत नाही, हेही याच कायद्यात आहे. त्यानंतर २०१६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. ठरावीक प्रमाणापलीकडे अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या, असं तो सांगतो.

म्हणजे कायद्याला पूर्ण शाळा माहीत आहे, विशेष शाळा माहीत आहे, घरचं शिक्षण माहीत आहे. अर्धी शाळा आणि अर्धं घर ही मधली जागा त्याने नाव घेऊन सांगितलेली नाही. आमच्या मैत्रिणीच्या मुलीचे दोन तास एका वर्गशिक्षिकेच्या चांगुलपणावर उभे आहेत. उद्या त्यांची बदली झाली तर? म्हणून आमचा सल्ला असा की अशी व्यवस्था तोंडी ठेवू नये. 'वाजवी सोय' या शब्दांचा आधार घेऊन लेखी अर्ज द्यावा. त्यात कुठले तास, का, किती दिवसांनी फेरविचार आणि घरच्या वेळेत शाळा काय देणार, हे सगळं लिहावं. पोच घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन असावं लागतं, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. तेव्हा दोन तास शाळेत आणि दोन तास घरी, पण शिक्षकाच्या जबाबदारीवर, असं मागणं म्हणजे काही आकाशातला चंद्र मागणं नव्हे.

'शिक्षकाच्या जबाबदारीवर' हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण याच व्यवस्थेची दुसरी बाजू आम्ही वस्तीत पाहतो.

तिथली एक बाई चार घरची धुणीभांडी करते. मुलगा बारा वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलणं ओळखीच्यांनाच कळतं, बुद्धी तल्लख. शाळेच्या पटावर त्याचं नाव आहे. शाळेला तीन पायऱ्या आहेत, उतार नाही, आणि संडासाचं दार अरुंद. दोन वर्षांपूर्वी तिला सांगितलं गेलं की याला घरीच शिक्षण मिळेल, आणणं-नेणं करू नका. तिला ते उपकारासारखं वाटलं. विशेष शिक्षक येतात, पण एका शिक्षकाकडे इतकी गावं आणि वस्त्या असतात की महिन्यातून एखादी फेरी होते. तासभर बसतात, फोटो काढतात, जातात. उरलेले दिवस मुलाजवळ कोण? आई पहाटे सहाला बाहेर पडते. सातवीतली थोरली बहीण शाळा सोडून घरी बसली आहे. एका मुलाचं नाव घरच्या शिक्षणात लागलं आणि दुसऱ्या मुलीचं शिक्षण संपलं. सरकारी रकान्यात हा मुलगा 'लाभार्थी' आहे. त्याच्या बहिणीसाठी रकानाच नाही.

या घरात दहा बाय बाराची एक खोली आहे. 'घरी शिकवा' म्हणणाऱ्यांच्या मनात नेमकं कुठलं घर असतं? दुपारी मोकळी असलेली, शिकलेली, इंग्रजी पुस्तिका वाचू शकणारी आई आणि भिंतीवर चित्रपट्टी लावायला जागा, असंच ना? त्या बाईला आम्ही चित्रपट्टी करून दिली. ती पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गळून पडली.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. आपापल्या तालुक्यातली अशी मुलं मोजा, विशेष शिक्षक मोजा आणि भागाकार करा. गटांनी करण्यासारखं हे काम आहे, त्याला तज्ज्ञ लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या शिक्षणाचं मूल्यमापन झालं पाहिजे असं म्हटलं आहे. ते मूल्यमापन करायला कुणी येण्याची वाट का पाहायची?

रजेबद्दलही लिहायला हवं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेचा मुलगा दुर्धर अस्थिविकाराने आजारी होता. तिच्या राज्याने हा नियम स्वीकारलेला नसल्यामुळे तिला रजा नाकारली गेली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितलं की बायकांचं नोकरीत असणं ही सवलत नाही, तो घटनात्मक हक्क आहे आणि अशी रजा नाकारली तर आई नोकरी सोडायला भाग पडते. निकाल महत्त्वाचा आहे, तो जपून ठेवावा. पण केंद्राचा नियम नीट वाचला तर त्यात आणखी एक गंमत दिसते. ही रजा बाईला आहे, आणि एकट्या पुरुषाला आहे. ज्याची बायको घरात आहे त्याला नाही. म्हणजे घरात बाई असली की मुलाचा प्रश्न सुटला, असं आपल्या नवऱ्यांनाच वाटतं असं नाही. नियम करणाऱ्यांनाही वाटतं. आणि धुणीभांडी करणारीला, शेतमजुरणीला, शिवणकाम करणारीला तर रजा हा शब्दच लागू नाही. तिचा खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. २०१६ च्या कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. असंघटित बाईच्या दृष्टीने रजेपेक्षा ही मागणी मोठी आहे आणि ती आपल्या मोर्चांच्या फलकांवर आली पाहिजे.

अर्ध्या शाळेची कल्पना परदेशातून आलेली आहे असं कुणी म्हणालं तर मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केलं. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली; तिचं नाव कुरणशाळा. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने आपला आकार बदलायचा, हे आपल्याच मातीत कुणीतरी करून दाखवलेलं आहे. यातला महत्त्वाचा भाग असा, की कुरणात शिक्षिका गेली होती. गुराख्याच्या आईला 'तूच शिकव' असं सांगून शाळा मोकळी झाली नव्हती.

अपंग मुलांच्या शिक्षणाचा आपल्या देशातला इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं. १९४४ साली मुंबईत सुरू झालेली जय वकील शाळा एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी काढली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली, ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची आई म्हणून. दिल्लीत नव्वदच्या दशकात मेरी बरुआ यांनी स्वमग्न मुलांसाठी काम उभं केलं, त्याही आईच. या साऱ्यांबद्दल मला अतिशय आदर आहे. पण मुलाला शाळा मिळावी म्हणून आईला शाळाच काढावी लागते, ही गोष्ट नुसती कौतुकाने सांगण्यासारखी नाही. ज्या आयांनी शाळा काढली नाही, ज्या फक्त थकल्या, त्यांच्यावर आपण नकळत एक माप लादतो. वर्तमानपत्रात महिला दिनाच्या पुरवणीत 'जिद्दी आई' छापून येते तेव्हा मला धास्ती वाटते, की उद्या हीच कात्रणं शाळेच्या भिंतीवर लागतील आणि वस्तीतल्या त्या बाईला दाखवली जातील.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची (तेव्हाचा शब्द तोच होता) गर्भाशयं काढण्यात आली. त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता ठेवता येत नाही, असं कारण देण्यात आलं. महाराष्ट्रातल्या स्त्रीसंघटना तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना ते दिवस आठवत असतील. त्या वादात एक साधा प्रश्न होता: पाळीच्या वेळी काय करायचं हे या मुलींना कुणी शिकवलं होतं का? हे शिकवता येतं. नाडीच्या सात पायऱ्यांसारख्याच त्याच्याही पायऱ्या आहेत: चित्रं, सराव, लाल शाईचा थेंब टाकलेला पॅड, वापरलेला कागदात गुंडाळून कुठे टाकायचा. हा अभ्यासक्रम घरच्या भागात येतो आणि शाळेच्या कुठल्याही आराखड्यात तो मी अजून पाहिलेला नाही. आमच्या मैत्रिणीने तो आतापासूनच सुरू केला आहे, मुलगी दहाची आहे तोवरच.

आणि दुसरी बाजूही आहे. मुलगी घरात असली की ती 'सुरक्षित' असते असं आपण मानतो. स्त्रीसंघटनांना तरी हे सांगायची गरज नसावी की घर प्रत्येक मुलीला सुरक्षित नसतं. जी मुलगी बोलू शकत नाही, तिला रोज दोन तास घराबाहेरची चार माणसं पाहतात, तिच्या अंगावरचा वळ, तिचं गप्प होणं वर्गशिक्षिकेच्या नजरेला पडतं. हे सुरक्षिततेचं एक दार आहे. म्हणून मुलाच्या बाबतीत मी अर्धी शाळा म्हणते तेव्हा मुलीच्या बाबतीत निदान अर्धी तरी शाळा, असं म्हणते. तिचं नाव पूर्णपणे घरच्या शिक्षणात घालायला कुणी सुचवलं तर गटाने दहा प्रश्न विचारावेत.

पुढच्या परीक्षांची काळजी बऱ्याच आया विचारतात. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या तिच्याकडे आहेत. दहावीला तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय घेता येतो. ज्या मुलांना परीक्षा देता येणार नाही त्यांच्या आयांनी त्याची लाज बाळगू नये. कोथिंबिरीची जुडी विकत घेता येणं हेही शिक्षणच आहे, फक्त त्याचं प्रमाणपत्र निघत नाही.

गटांनी काय करावं? शाळा व्यवस्थापन समिती हे आपल्या हातातलं साधन आहे. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. बऱ्याच शाळांत या बायका सहीपुरत्या असतात. विशेष गरजा असलेल्या मुलाची आई तिथे असेल तर उतार कुठे हवा, संडासाचं दार किती रुंद हवं, कुणाला घरी बसवलं आहे आणि विशेष शिक्षक शेवटचे कधी आले, हे प्रश्न इतिवृत्तात येतील. आमच्या वस्तीतल्या त्या बाईने या खेपेस समितीसाठी नाव दिलं आहे. बैठक दुपारी असते, म्हणजे तिच्या दोन घरांचं काम बुडतं. ती दोन घरं त्या दिवशी आम्ही सांभाळणार आहोत. तिच्या थोरल्या मुलीचा पुन्हा सातवीत प्रवेश हा तिचा पहिला अर्ज असेल आणि मुलाला आठवड्यातून तीन दिवस दोन तास शाळेत बसवण्याचा दुसरा. पायऱ्यांवर फळ्यांचा तात्पुरता उतार करायला एका सुताराने होकार दिला आहे.

अर्ध्या वेळेच्या सोयीसाठी शाळेला द्यायच्या अर्जाचा मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी पत्ता घातलेलं पाकीट पाठवावं. आणि आपल्या तालुक्याचा तो भागाकार – मुलं किती, विशेष शिक्षक किती – पुढच्या अंकाच्या आत कळवावा, म्हणजे तो एकत्र छापता येईल.